वाणाचा मालक कोण?

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हा पिकाच्या वाणावर हक्क सांगण्याची कायदेशीर सोय देशात नव्हती. तरी संकरित बियाण्याच्या धंद्याला कुलूप होतेच. ते निसर्गाने घातलेले. जालना-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या कपाशीच्या सीड प्लॉटवर ते आजही बघायला मिळते. दुपार कलली की बायका मादी ओळीतल्या, उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरतात आणि स्त्रीकेसराला धक्का न लावता पाकळ्या-पुंकेसर नखाने सोलून काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल त्यावर फिरवले की झाले ‘क्रॉसिंग’. या बियाण्याचे पीक जोमदार येते. त्या पिकातले बी पुन्हा पेरले, तर रान एकसारखे येत नाही. नर-मादीच्या मूळ जाती कंपनीने जपल्या की शेतकरी दरवर्षी दुकानात येणारच.

वाणांवरच्या हक्काचा कायदा आला तो जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा करारामागून. वाणांना पेटंट द्या, नाहीतर स्वतःची परिणामकारक व्यवस्था उभारा, असे हा करार सांगतो. भारताने दुसरी वाट धरली. माझ्या मते शहाणपणा केला. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पैदासकाराला हक्क दिला आणि शेतकऱ्यालाही घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचा. ब्रँडचे लेबल लावून तेवढे विकता येत नाही. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३(जे) आले : वनस्पती, तिचे भाग, बियाणे यांना पेटंट नाही.

मग बियाण्यात घातलेल्या जनुकाचे काय? बोलगार्ड-२ कपाशीतल्या, बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी जनुकासाठी मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्ज केला. पेटंट मिळाले २००८ मध्ये. महिको आणि मोन्सॅन्टो यांची भागीदारीतली कंपनी हे तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांना देऊन पाकिटामागे पैसे घेई. २०१६ मध्ये केंद्राने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातला तंत्रज्ञानाचा वाटा ४९ रुपये ठरवला. हे तंत्रज्ञान घेणाऱ्या हैदराबादच्या नुजिवीडू सीड्सशी मोन्सॅन्टोचे या वाट्यावरूनच बिनसले होते आणि वाद कोर्टात गेला होता. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३(जे) वर बोट ठेवून पेटंट रद्द केले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि साक्षीपुरावे तपासा म्हणून खटला मागे पाठवला. त्याच वर्षी पेटंटची वीस वर्षे भरली, २०२१ मध्ये तडजोड झाली. जनुक कुणाचे, हा प्रश्न अधांतरीच राहिला.

दरम्यान पेटंटचे नियमही बदलले. २०२४ च्या नव्या नियमांनी परीक्षणाच्या अर्जाची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणली. शोध प्रत्यक्ष वापरात आहे का, याचे विवरण आता दरवर्षी नव्हे, तीन वर्षांतून एकदा द्यायचे. पहिला बदल चांगला. दुसऱ्याने पेटंट नुसते अडवून बसणाऱ्याचे फावेल. जालन्यात यंत्र बनवणाऱ्याला हे नियम लागू. नवा वाण काढणाऱ्याचा रस्ता २००१ च्या कायद्यातूनच जातो. त्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंद वेगळी होते, नोंदणीशुल्कही पडत नाही. वर्षानुवर्षे निवडून जपलेला वेगळा वाण तुमच्या घरात असेल, तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन चौकशी करा आणि नोंदवा.