शिडी कुठे लावायची?

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या गोदामात वर पाहिलं, की पत्र्याखाली लाल पाइपांचं जाळं दिसतं. त्यावरचे स्प्रिंकलर मात्र खालून धड ओळखूही येत नाहीत. आग लागली तर पहिलं पाणी तिथून पडायचं असतं, आणि इमारतीत सगळ्यात कमी वेळा जवळून पाहिली जाते तीच वस्तू.

यंत्रणा साधी आहे. स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रव भरलेली बारीक काचनळी असते. उष्णतेनं द्रव फुगतो, नळी फुटते, पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत; ज्याला आगीची धग लागते तोच उघडतो. नळीच्या रंगावरून तापमान कळतं: लाल ६८ अंश, पिवळी ७९, हिरवी ९३. शिरूरच्या मे महिन्यात तापणाऱ्या पत्र्याखाली कोणती नळी हवी, हे विचारपूर्वक ठरवावं लागतं. ती बरोबर लागली आहे का, हे पाहायलाही कुणाला तरी वर जावं लागतं.

पण शिडी कुठे लावायची? खाली जमिनीपासून वरपर्यंत रॅक, दोन रॅकमधल्या गल्लीत माल, सिझर लिफ्ट वळायलाही जागा नाही. मग छताला रंग देताना नळीवर उडालेले थेंब वर्षानुवर्षं तसेच राहतात. असा स्प्रिंकलर खरवडून चालत नाही, बदलावाच लागतो. हंगामात माल वाढला की थप्प्या थेट स्प्रिंकलरला भिडतात. पाणी पसरायला खाली निदान अर्धा मीटर मोकळी जागा लागते, उंच थप्प्यांवर त्याहून जास्त.

शहरातल्या इमारतींची तऱ्हा वेगळी. शिरूर किंवा दौंडमधलं रुग्णालय असो, शोरूम असो की मंगल कार्यालय, फॉल्स सीलिंगच्या वर व्हॉल्व्ह गाडून टाकला आणि खाली उघडणारी झडप ठेवली नाही, तर तपासणीसाठी छतच कापावं लागेल. चांगलं छत कोण कापू देणार? पाइपाच्या शेवटच्या टोकाला चाचणीचा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की सर्वांत दूरच्या स्प्रिंकलरपर्यंत पाणी येतं का आणि घंटा वाजते का, हे काही मिनिटांत कळतं. तो माणसाच्या हाताच्या उंचीवर आणला तर चाचणी होते. छतालगत ठेवला तर फक्त कागदावर होते. मुख्य व्हॉल्व्हचंही तेच. अमेरिकेतल्या अभ्यासांत स्प्रिंकलर न चालण्याचं सर्वांत मोठं कारण सापडलं, ते म्हणजे आधीच बंद असलेली यंत्रणा. व्हॉल्व्हसमोर भंगार रचलेलं असेल, तर तो बंद आहे हे कुणाच्या ध्यानात येणार?

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला प्रश्न आणखी कठीण होतो. रसायनांच्या वाफांनी धातू गंजतो, म्हणून तिथे जवळून तपासणी जास्त वेळा हवी. ज्वलनशील द्रवांना फोम लागतो, टाक्या थंड ठेवायला पाण्याचे फवारे लागतात, आणि त्यांची तोंडं गंजानं बुजलेली नाहीत हे माणसानंच पाहायचं असतं. १४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री तिथल्या एका रसायन कारखान्याला आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं होतं. कुंपणाच्या आतल्या देखभालीवर बाहेरच्या गावाचाही हक्क आहे, असं मला ठामपणे वाटतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तसं प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘बी फॉर्म’, द्यावा लागतो. भाड्याच्या गोदामात मालक म्हणतो रॅक भाडेकरूचे, भाडेकरू म्हणतो पाइप मालकाचे. म्हणून भाडेकरारातच लिहून घ्यावं: तपासणीच्या दिवशी कोणती गल्ली मोकळी करायची, लिफ्ट कोण आणणार, खर्च कुणाचा. आणि नवीन शेडचा नकाशा मंजुरीला जाईल तेव्हा त्यावर शिडीची जागा, कॅटवॉक आणि झडपा आखलेल्या असाव्यात. रॅक उभे राहिल्यावर ती जागा कुणी देत नाही.