जीव वाचला, पुढे काय?

डोक्याला जबर मार लागून ऑपरेशन झालेले काही पेशंट घरी परततात, तेव्हा त्यांच्या कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा डोक्यात नसतो. तो त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेला असतो, नाहीतर रुग्णालयाच्या अतिथंड फ्रीजरमध्ये. डोक्याच्या त्या बाजूला मेंदूवर हाडाचं कवच नसतं, वर फक्त कातडी असते. पहिल्यांदा पाहणारा नातेवाईक हादरतो. पण तो तुकडा काढला म्हणूनच कदाचित माणूस घरी आलेला असतो.

असं ऑपरेशन का करावं लागतं, याचं उत्तर कवटीच्या रचनेत आहे. स्कॉटलंडचे शरीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्येच मांडलं होतं, की कवटी ही ताठ, बंद पेटी आहे आणि तिच्यातली जागा वाढत नाही. त्या जागेत मेंदू, रक्त आणि पाण्यासारखा पातळ द्रव दाटीवाटीनं राहतात. पायाला मार लागला तर पाय सुजून फुगतो. मेंदू सुजला तर त्याला फुगायला जागाच नसते. आतला दाब वाढत जातो, मेंदूला रक्त कमी पोहोचतं, त्यामुळे सूज आणखी वाढते. मार लागला त्या क्षणी झालेली इजा कोणत्याही डॉक्टरला पुसता येत नाही. आयसीयूतली सगळी धडपड चालते ती नंतरच्या तासांत आणि दिवसांत होणारं नुकसान रोखण्यासाठी.

दाब कमी होत नसेल तर कवटी उघडावी, हे स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी 1901 मध्येच सांगितलं होतं. तर्क सरळ आहे. पण वैद्यकात सरळ तर्कानंही अनेकदा घात केला आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून डोक्याला मार लागलेल्यांना कित्येक वर्षं स्टिरॉइड दिली जात. ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत 49 देशांतल्या 10,008 पेशंटवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना स्टिरॉइड दिलं, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. 2004 मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांत दगावलेल्यांचं प्रमाण स्टिरॉइड न मिळालेल्यांत 17.9 टक्के होतं आणि मिळालेल्यांत 21.1 टक्के. चांगल्या हेतूनं दिलेलं औषध जीव घेत होतं, आणि एवढी मोठी चाचणी झाली नसती तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मग कवटी उघडण्याचा उपायही असाच तपासण्याची पाळी आली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सौदी अरेबियात 155 पेशंटवर ‘डेक्रा’ ही चाचणी झाली. दाब थोडा वाढून काही वेळ 20 मिमी पाऱ्याच्या वर राहिला, की लवकर ऑपरेशन करायचं असं तिचं धोरण होतं. 2011 मध्ये आलेल्या निकालानं न्यूरोसर्जन चक्रावले. ऑपरेशननं दाब उतरला, आयसीयूतले दिवसही कमी झाले, पण मृत्यू जवळपास तेवढेच राहिले आणि गंभीर अपंगत्व उलट वाढलं. मॉनिटरवरचा आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसलं असेल.

केंब्रिजचे न्यूरोसर्जन पीटर हचिन्सन यांच्या नेतृत्वाखालच्या ‘रेस्क्यू आयसीपी’ चाचणीनं प्रश्न वेगळ्या टोकाकडून विचारला. नेहमीचे उपाय करूनही दाब 25 च्या वर तासन्‌तास राहिला, आता फारसे मार्ग उरले नाहीत, अशा वेळी काय? 20 देशांतल्या 408 पेशंटची ही चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर औषधांवर ठेवलेल्या गटातले 48.9 टक्के दगावले होते, ऑपरेशनच्या गटातले 26.9 टक्के. शंभरात बावीस जीव जास्त वाचले.

खरी माहिती त्या बावीस जणांत आहे. सहा महिन्यांनी त्यांतले सहा जण डोळे उघडे पण भान नाही, अशा अवस्थेत होते. आठ जण प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून होते. उरलेले आठ निदान घरातल्या घरात स्वतःचं स्वतः करू शकत होते. त्यांना दिवसाचे आठ तास एकटं ठेवता येत होतं. आता एक वर्षाचा हिशोब पाहा. जास्तीचे वाचलेले पुन्हा बावीसच, पण भान नसलेले पाच, पूर्ण परावलंबी चार, आणि घरात स्वतंत्र असलेले तेरा. आठाचे तेरा झाले ते सहा ते बारा या महिन्यांत, म्हणजे अनेक घरांत आशा संपत आलेली असते त्या काळात. अगदी पूर्ववत झालेल्यांची संख्या मात्र दोन्ही गटांत थोडीच होती, हेही लपवता कामा नये.

रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर संमतीपत्रावर सही करणाऱ्या नातेवाइकाच्या ओठावर एकच प्रश्न असतो: वाचेल ना? ग्लासगोचे न्यूरोसर्जन ब्रायन जेनेट यांनी आयुष्यभर त्याच्या पुढचा प्रश्न धरून ठेवला. ग्रॅहॅम टीसडेल यांच्यासह त्यांनी 1974 मध्ये दिलेली, पेशंट कितपत शुद्धीवर आहे हे मोजणारी ‘जीसीएस’ पट्टी आज तीन ते पंधरा गुणांच्या रूपात डोक्याला मार लागलेल्यांच्या केसपेपरवर ठरलेली असते. पण पुढच्याच वर्षी त्यांनी मायकेल बाँड यांच्यासह दुसरी पट्टी आणली. वाचलेला माणूस पुढे कसा जगतो, हे ती मोजते. वरचे सहा, आठ, तेरा हे आकडे त्याच पट्टीच्या विस्तारित रूपातून आले आहेत. आपल्याकडे नातेवाइकांना पहिल्या पट्टीचा गुण रोज सांगितला जातो, दुसरीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ते बदलायला हवं.

घरी आल्यावरचा काळ लांब आणि थकवणारा असतो. हाड नसलेल्या बाजूला मार लागू नये म्हणून हेल्मेट घालावं लागतं. सूज उतरली की तिथली कातडी आत ओढली जाते, आणि काहींना त्यानं डोकेदुखी, चक्कर, हातापायांत कमजोरी असा नवाच त्रास सुरू होतो. हाड परत बसवल्यावर यातले काही जण लक्षणीय सुधारतात. म्हणून साधारण काही महिन्यांत होणारं हे दुसरं ऑपरेशन खर्चाच्या भीतीनं लांबणीवर टाकू नये. डोक्यात पाणी साठणं आणि फिट येणं यांवरही लक्ष ठेवावं लागतं. बरा होत आलेला पेशंट पुन्हा सुस्त होऊ लागला, चालताना अडखळू लागला, तर तो आळस समजू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

‘रेस्क्यू आयसीपी’तल्या पेशंटचा दोन वर्षांपर्यंतचा मागोवा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या गटात सहा महिन्यांनंतरही सुधारत राहणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. त्यामुळे ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी सहा महिने झाले म्हणून फिजिओथेरपी आणि बोलण्याचे व्यायाम बंद करू नयेत, न्यूरोसर्जनची तपासणी चुकवू नये, आणि निदान दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत ‘आता जे आहे तेच राहणार’ असं धरून चालू नये.