अप्लॉम म्हणजे आपला ओळंबा!

अमरावतीत कॉलेज संपवून पुण्यात पहिला इंटरव्ह्यू दिला. 'डोळे'चं 'डोये' होऊ नये म्हणून इतकं जपून बोलले, की सांगायचं तेच राहिलं. फीडबॅक आला, 'नॉलेज आहे, अप्लॉम नाही.' रूमवर येऊन आधी डिक्शनरी उघडली!

अप्लॉम म्हणजे शांत, ठाम आत्मविश्वास. स्पेलिंगच्या शेवटी 'बी' आहे, उच्चारात गायब. म्हणजे इंग्रजांचंही अक्षर सुटतं तर! 19व्या शतकात इंग्रजीत रुळलेला हा शब्द मूळचा फ्रेंच, 'आ प्लों'. अर्थ, ओळंब्यात असलेलं, अगदी सरळ उभं. ओळंब्याचं वजन शिशाचं आणि लॅटिनमध्ये शिसं म्हणजे 'प्लुंबुम'. आपला प्लंबरही त्याच खानदानातला.

दिवाळीत अकोल्याला गेले, तर घराचं बांधकाम सुरू. मिस्त्रीकाका भिंतीला ओळंबा लावून बघत होते. विचारलं, "काका, हा सरळ कसा राहतो?"

"ओयंब्याले कोनी धरत नाही बाई. थो आपल्याच वजनानं सरय रायते."

पुढच्या इंटरव्ह्यूत एक 'डोये' निसटलंच. पण यावेळी मी अडखळले नाही. वाक्य पूर्ण केलं आणि पुढचंही.