ओटीपोटाच्या वेदनेवर मेंदूमार्गे उपाय

एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. ती शस्त्रक्रियेने काढल्यावरही अनेक स्त्रियांचे ओटीपोट दुखतच राहते. वर्षानुवर्षे कळा सोसून मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. 'मनाचे खेळ' म्हणून बोळवण होत असली, तरी ही वेदना खरीच असते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी म्हणूनच मेंदूकडे लक्ष वळविले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ रुग्णांचा समावेश होता. एका गटाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून १० दिवस, प्रत्येकी २० मिनिटे क्षीण विद्युतप्रवाह सोडण्यात आला. दुसऱ्याला केवळ तसा आभास. प्रवाह मिळालेल्या गटाच्या वेदना कमी झाल्या. मूळ आजार मात्र याने बरा होत नाही, आणि ३६ ही संख्याही लहानच आहे. मोठ्या चाचण्यांपूर्वी औषधे वा शस्त्रक्रिया टाळणे योग्य नव्हे.