अठरावे वर्ष आणि सहा महिन्यांची मुदत

बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते आणि मे महिन्यात निकाल लागतो. या तारखांच्या आगेमागेच बहुतेक मुलामुलींना अठरा वर्षे पूर्ण होतात. निकालाची वाट सारे घर पाहते. वाढदिवसाला मात्र सकाळी देरासरात दर्शन होते, संध्याकाळी बिनअंड्याचा केक कापला जातो आणि दिवस संपतो. त्या दिवशी कायद्याच्या लेखी आपल्या नावापुढे काय बदलले, याची कल्पना मुलाला नसते. पुष्कळदा वडिलांनाही नसते.

वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यातील जैन व्यापारी घरांना ही गोष्ट विशेष लागू पडते. कापड, भांडी, सराफी, हार्डवेअर अशी येथील कितीतरी दुकाने दोघा-तिघा भावांच्या भागीदारीत चालतात. भागीदारीपत्रात भावांच्या नावांखाली कधीकधी एखाद्या अज्ञान मुलाचेही नाव असते. कधी करसल्लागाराने सुचवले म्हणून, कधी आजोबांच्या हौसेखातर ते घातलेले असते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या तिसाव्या कलमानुसार अज्ञान मुलगा भागीदार होऊ शकत नाही. पण सर्व भागीदारांच्या संमतीने त्याला पेढीच्या लाभात सामील करता येते. तोट्यासाठी त्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येत नाही, पेढीतील त्याचा हिस्सा तेवढा गुंततो. येथवर बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते त्याच कलमात पुढे आहे.

सज्ञान झाल्यापासून, किंवा आपले नाव पेढीत आहे हे त्याला नंतर कळले असेल तर तेव्हापासून, सहा महिन्यांच्या आत मुलाने भागीदार व्हायचे की नाही हे जाहीर नोटिशीने कळवायचे असते. ही नोटीस म्हणजे घरात तोंडी सांगणे नव्हे. ती राजपत्रात आणि पेढी जेथे आहे त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते. पेढी नोंदणीकृत असेल तर निबंधकालाही कळवावे लागते. (वसईच्या जुन्या भागीदारीपत्रांत ठाणे जिल्हा लिहिलेला आढळतो, १ ऑगस्ट २०१४ पासून हा तालुका पालघर जिल्ह्यात आहे.) मुलगा काहीच बोलला नाही, तर सहा महिने संपताच तो आपोआप भागीदार ठरतो. आणि एकदा भागीदार झाला की, ज्या दिवशी त्याला लाभात सामील केले होते त्या दिवसापासूनच्या पेढीच्या सर्व देण्यांना तो व्यक्तिशः बांधील होतो. सातव्या इयत्तेत असताना काकांनी उचललेले कर्जही त्यात आले.

आता ज्या मुलाचा जन्म जानेवारीतला आहे त्याचा विचार करावा. त्याची सहा महिन्यांची मुदत प्रात्यक्षिक परीक्षा, बोर्ड, सीईटी, निकाल आणि प्रवेशाच्या याद्या यांतच संपते. जुलैमध्ये तो प्रथम वर्षाच्या वर्गात बसतो तेव्हा आपण अमर्याद देयतेचे भागीदार झालो आहोत, हे त्याच्या गावीही नसते. अशा घरांत कोणाचा हेतू वाईट असतो असे नव्हे. विचारायचे राहून गेलेले असते, इतकेच. पण न विचारण्याची किंमत भरणारा मात्र विचारणाऱ्यांपैकी कोणीच नसतो.

खरे तर कायदा येथे घरापेक्षा उदार आहे. लाभात सामील केलेल्या अज्ञान मुलालाही पेढीचे हिशेब पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क तो देतो. आपल्या घरी दिवाळीला चोपडापूजन होते. मुलाला शेजारी बसवून नव्या वहीवर कुंकवाचे बोट लावायला सांगतात. जुन्या वहीत काय लिहिले आहे, ते मात्र त्याला सांगत नाहीत. उधारी किती अडकली आहे, बँकेचे कॅश क्रेडिट किती आहे, गाळा मालकीचा की पागडीचा, यांपैकी काहीच ठाऊक नसलेल्या मुलाला एके दिवशी अचानक विचारले जाते, ‘दुकानात बसणार की शिकणार?’ काही घरी तेही विचारले जात नाही. याच्या उलट, ‘तू फक्त शिक, दुकानाचे आम्ही पाहतो’ असे म्हणणारे वडीलही आहेत. त्यांच्या बोलण्यात माया आहे, पण मुलगा अंधारात राहतो तो तसाच. बारावीच्या वर्षातील दिवाळीची सुट्टी हा या गोष्टी उघड करण्याचा योग्य काळ आहे. परीक्षा अजून तीन महिने दूर असते आणि मागील वर्षाचा ताळेबंदही तयार झालेला असतो.

मुलींच्या बाबतीत हा अंधार अधिक दाट आहे. भागीदारीपत्रात मुलीचे नाव क्वचितच असते. परंतु हिंदू उत्तराधिकार अधिनियम जैनांनाही लागू आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अविभक्त कुटुंबात मुलगी मुलाच्या बरोबरीने जन्मतः सहदायाद आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही ‘एचयूएफ’च्या खात्यात आपले स्थान काय, हे बारावीतल्या मुलीला बहुधा कोणी सांगत नाही. तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या मुदतठेवीची पावती मात्र तिने पाहिलेली असते. त्याच रकमेतून शिक्षणाचा खर्च होऊ शकतो का, हा प्रश्न तिने विचारला तर त्याला उद्धटपणा समजू नये.

कागदपत्रांचा विषय रूक्ष असला तरी प्रवेशाच्या दिवसांत सर्वांत जास्त धावपळ त्यानेच होते. २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने जैन समाज राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक ठरला. अल्पसंख्याक महाविद्यालयांतील राखीव जागांसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म ‘जैन’ असा नोंदलेला असणे उपयोगी पडते. पण अनेक दाखल्यांवर धर्म ‘हिंदू’ आणि जात ‘जैन’, किंवा ‘हिंदू ओसवाल’ अशी नोंद दिसते. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आजोबांनी सांगितले, कारकुनाने लिहिले, आणि बारा वर्षे कोणी पाहिले नाही. दुसरी अडचण आडनावाची. मारवाडी घरांत एका भावाने आधारकार्डावर ‘जैन’ लावलेले असते, मुलाच्या गुणपत्रिकेवर गोत्राचे नाव असते आणि वडिलांच्या पॅनकार्डावर तिसरेच काही. मुलाचे नाव शाळेच्या पटावर असेपर्यंत अशी दुरुस्ती पुष्कळ सोपी असते. दाखला हाती आल्यावर ती किचकट होते. म्हणून हे काम अकरावीतच उरकावे.

महाविद्यालय कोठले, हा प्रश्न येथे बऱ्याच अंशी लोकलगाडीचा प्रश्न असतो. वसईत वर्तक महाविद्यालय आणि संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे, विरारला विवा आहे, अभियांत्रिकीसाठी वसईतच विद्यावर्धिनी आहे. तरीही चांगले गुण मिळालेल्या मुलाला घरातून पार्ल्याकडे किंवा चर्चगेटकडे बोट दाखवले जाते. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले तर अभ्यासाला काय उरते, याचा हिशेब प्रवेशापूर्वी व्हावा. चौविहार पाळणाऱ्या मुलांचा प्रश्न निराळा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि साडेपाचला चर्चगेटहून गाडी पकडलेला विद्यार्थी सूर्यास्तापूर्वी विरारच्या घरी पोहोचूच शकत नाही. डब्यात दुसरे जेवण न्यायचे, की काही दिवसांपुरती सूट घ्यायची, हे मुलाशी बोलून ठरवावे. नियम घरच्यांनी ठरवला आणि मोडल्याचा अपराध मुलाने एकट्याने वाहिला, असे होऊ नये. शहरात राहूनही आहाराचा आचार सांभाळून शिकता यावे, ही गरज समाजाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले ते याचसाठी. अशा वसतिगृहांचे अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच पाहून ठेवावेत.

अभ्यासक्रमांबद्दल अधिक न लिहिता दोनच गोष्टी. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्याने २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी झाली. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल या समजुतीत राहिलेल्या अनेक वाणिज्य विद्यार्थ्यांची त्या वर्षी तारांबळ उडाली. अर्जाची मुदत निकालाच्या पुष्कळ आधी संपते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. काही महाविद्यालयांनी मिळताजुळता अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नावाखाली ठेवला आहे आणि त्याला ही परीक्षा लागत नाही. तेव्हा नावावर न जाता माहितीपत्रक वाचावे.

दुसरी गोष्ट सी.ए.ची. आपल्या घरांत हा शब्द निवडीचा राहिलेला नाही, तो प्रघात झाला आहे. दहावीनंतर नोंदणी करता येते, बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा देता येते. चार विषय, एकूण ४०० गुण. प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के मिळवावे लागतात. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या विषयांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. जून २०२४ च्या फाउंडेशनमध्ये १४.९६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. हा आकडा मुलाला घाबरवण्यासाठी नाही, तो पालकांनी वाचावा यासाठी आहे. पहिल्या प्रयत्नात अपयश आलेल्या मुलाला नातेवाइकांसमोर मान खाली घालावी लागते, आणि ज्या सभागृहात गुणवंतांचा सत्कार होतो तेथे तो पुढच्या वर्षी येतच नाही. जो मुलगा गणिताचा पाया कच्चा असताना केवळ ‘घरात एक सी.ए. हवा’ म्हणून ही वाट धरतो, त्याची तीन-चार वर्षे जातात. नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. वाट थोडी आखूड झाली, चढ तेवढाच आहे.

पैशाबाबत व्यापारी घरांत एक सवय खोल रुजलेली आहे: फी दुकानातून द्यायची. जूनमध्ये लाख-दोन लाखांची फी कॅश क्रेडिट खात्यातून जाते. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असते, आणि राखी, गणपती, दिवाळीचा माल जुलै-ऑगस्टमध्येच भरायचा असतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल कमी दिसला की ड्रॉइंग पॉवर घटते आणि ऐन सणात पुरवठादाराचा चेक अडतो. शिवाय ती मर्यादा व्यवसायासाठी मंजूर केलेली असते, हे वेगळेच. कर्ज म्हटले की आपल्याकडे कमीपणा वाटतो. पण शैक्षणिक कर्ज हे याच कामासाठी आहे. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. त्या काळात सरळव्याज आकारले जाते. ते दरमहा भरत गेल्यास मुद्दल वाढत नाही. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना व्याजावर आठ वर्षे वजावटही मिळते. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाल्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. तिच्यात तारण वा जामीनदार लागत नाही, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. हप्ते मुलाच्या कमाईतून फेडायचे असतात, आणि ते चुकले तर त्याच्या व सहकर्जदाराच्या दोघांच्याही सिबिलवर नोंद होते. सही करण्यापूर्वी दोघांनी मिळून हप्त्याचा तक्ता वाचावा.

राहिले बँकेतील बचत खाते. पालकांच्या सहीने चालणारे मुलाचे खाते तो सज्ञान होताच त्याच्या नावे नव्याने करून घ्यावे लागते. पालकाचा त्यावरील अधिकार संपतो. पॅनकार्ड लहानपणी काढले असेल तर त्यावर छायाचित्र आणि सही नसते. तेही बदलून घ्यावे. त्याच्या नावावरील ठेवींचे व्याज आजवर आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जात होते, ते पुढे त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रात येईल. महाविद्यालयात कोणी ‘तुझे खाते दोन महिने वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो’ असे म्हटले, तर ते सायबर फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी असते. पोलीस प्रथम खातेदाराच्याच घरी येतात. मित्रावर उपकार म्हणून एटीएम कार्ड दिलेल्या मुलालाही आरोपी म्हणून उभे राहावे लागते. हे त्याला पहिल्या दिवशीच सांगावे, आणि वडिलांनीही दुकानाची रोकड त्याच्या खात्यातून फिरवू नये.

या कामासाठी शाखेत जाताना आधार, पॅन आणि दोन छायाचित्रे लागतात. बँकेत मुलीने किंवा मुलाने स्वतः पुढे व्हावे, वडिलांनी मागे बसावे. नमुना सही मराठीत करायची की इंग्रजीत, पूर्ण नावाची की आद्याक्षरांची, हे घरूनच कागदावर चार-सहा वेळा करून ठरवून जावे. काउंटरवर घाईत केलेली सही दुसऱ्या खेपेला जुळत नाही, आणि पहिलाच चेक परत येतो.