फुकटच्या सल्ल्याचे मोल

मुंबईतून निवृत्त होऊन मालवणच्या किनाऱ्यावर परतणाऱ्या चाकरमान्याच्या हाती फंडाची रक्कम असते, तेव्हा सल्लागारांना तोटा नसतो. त्यांचा सल्ला फुकट असतो. कारण त्यांचे कमिशन योजना विकणारी संस्था देते. मग त्यांची निष्ठा कोणाशी असणार? ग्राहकाकडूनच शुल्क घेणाऱ्या सल्लागारांसाठी ‘सेबी’ने २०१३ साली नियम केले. डिसेंबर २०२४ मध्ये अन्य नोकरी-व्यवसाय सांभाळून, कमाल ७५ ग्राहकांपुरते, हे काम करण्याची मुभाही दिली. वर्गात चक्रवाढ व्याज शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांनी सेवानियम पाहून, परीक्षा देऊन, रीतसर नोंदणी करून या कामी पुढे यावयास हवे. आणि डॉक्टरांची फी बिनतक्रार देणाऱ्या समाजाने ही फीही नाकारू नये. जन्माची पुंजी गमावण्यापेक्षा ती स्वस्तच पडेल.