घर सुटलं कधी, ऑफिस लागलं कुठे?

सातारा ते हिंजवडी, महिन्यातून एकदा. आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे दोन टोलनाके, खंबाटकीत ट्रकांच्या मागे रांगणं आणि परत आल्यावर अकाउंट्सकडे लावलेलं बिल. एका कंपनीचं काम घरून करायचो तेव्हाची ही गोष्ट. पहिलं बिल लावलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"सर, तुमचा क्लेम बसत नाही."

"का हो मॅडम? मीटिंगलाच आलो होतो की."

"तुमचं बेस लोकेशन पुणे आहे. म्हणजे तुम्ही घरून ऑफिसला आलात. त्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत."

"अहो, पण माझं ऑफिस घरीच आहे!"

"ऑफर लेटर बघा सर."

बघितलं. पुणे! तेही ठळक अक्षरांत.

शेजारचे काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, टीए बिलावर पहिला रकाना कसला असतो? मुख्यालय! तुझं मुख्यालय पुणे लिहिलंय, मग तू पुण्याला गेलास तो दौरा कसा होईल? तुझा दौरा चाललाय तो साताऱ्यात." केंद्र सरकारच्या नियमात तर अंतरही ठरलेलं आहे: ड्यूटीच्या ठिकाणापासून 8 किलोमीटरच्या बाहेर पाय पडल्याशिवाय दैनिक भत्ता सुरू होत नाही.

थोडं वाचलं तेव्हा कळलं की या भांडणात मी एकटा नाही. मोठमोठे वकील यात हरलेत.

गावचं घर सोडवेना

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरी एक वकीलसाहेब राहायचे, फ्लॉवर्स नावाचे. नोकरी एका रेल्वे कंपनीत आणि तिचं मुख्य ऑफिस शेजारच्या अलाबामात, मोबील शहरात. कंपनी म्हणाली, राहा हवं तिथे, फक्त येण्याजाण्याचा खर्च तुमचा. 1939 साली त्यांनी 33 खेपा केल्या, 1940 मध्ये 40. जॅक्सनला बसून ते कामही भरपूर करायचे, म्हणजे आजच्या भाषेत हायब्रिड. हा खर्च त्यांनी करातून वजा मागितला. 1946 मध्ये सुप्रीम कोर्टाने नकार दिला. कोर्टाचं म्हणणं असं की जॅक्सनला राहायची गरज रेल्वेला नव्हती, ती फ्लॉवर्सना होती. सोय तुमची, तर भाडंही तुमचं.

आमच्या मॅडमनी हा निकाल वाचला असेल असं वाटत नाही, पण निकाल मात्र तोच दिला.

बॅरिस्टर हरले, डॉक्टर जिंकले

इंग्लंडात 1952 साली एका बॅरिस्टरने हाच डाव टाकला. घर व्हिप्स्नेडला, चेंबर लंडनच्या लिंकन्स इनमध्ये. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी घरच्या लायब्ररीत बसून ब्रीफ वाचायचे. तेव्हा घर हेही कामाचंच ठिकाण, असा त्यांचा युक्तिवाद. कोर्ट म्हणालं, घरी काम करता हे मान्य, पण लंडनहून घरी जाता ते राहायला म्हणून.

मग वेल्समधल्या एका डॉक्टरांची पाळी आली. डॉ. ओवेन फिशगार्डला प्रॅक्टिस करायचे आणि 15 मैलांवरच्या हॅव्हरफर्डवेस्टच्या हॉस्पिटलात अडल्यानडल्या बाळंतिणींसाठी आणि भूल देण्यासाठी अर्धवेळ जायचे. हॉस्पिटल भत्ता द्यायचं ते 10 मैलांचाच. वरच्या 5 मैलांवरून मामला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. 1969 मध्ये डॉक्टर जिंकले, तेही 3 विरुद्ध 2 अशा काठावरच्या मतांनी. मुद्दा होता टेलिफोनचा. फोन वाजला, डॉक्टरांनी घरूनच सूचना दिल्या की पेशंटची जबाबदारी त्यांच्या अंगावर आली. ड्यूटी घरातच सुरू झाली, त्यामुळे पुढचा प्रवास ड्यूटीतला ठरला. लॅपटॉप नाही, झूम नाही, एक काळा टेलिफोन आणि घराचं ऑफिस झालं!

पलंग ते टेबल

सगळ्यात छोट्या ऑफिस-प्रवासाचा मान जर्मनीला. तिथला एक गृहस्थ सकाळी उठला आणि नाश्ताही न करता गोल जिन्यावरून खालच्या खोलीतल्या कामाच्या टेबलाकडे निघाला. पाय घसरला, पाठीचा मणका मोडला. विमा मिळेना. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने सांगितलं की हा कामावर जातानाचा अपघात आहे, भरपाई द्या. नाश्ता नडला नाही, हे महत्त्वाचं. आधी स्वयंपाकघरात वळला असता तर वकिलांना आणखी काम लागलं असतं.

त्याच देशात घरून काम केलेल्या दिवसाला 6 युरो करातून वजा होतात, वर्षाला 210 दिवसांपर्यंत. ऑफिसला गेलात तर किलोमीटरवर हिशेब, अंतर एकाच बाजूचं मोजायचं. गाडीने जा नाहीतर चालत जा, दर एकच.

नेदरलँड्समध्ये मालक करमुक्त प्रवासभत्ता देऊ शकतो किंवा घरून कामाचा भत्ता, पण एकाच दिवशी दोन्ही नाहीत. डेन्मार्कमध्ये दिवसाचे जाऊन-येऊन पहिले 24 किलोमीटर तुमच्या खिशातून, हिशेब त्यापुढे. जपानमध्ये ट्रेनच्या पासासाठी महिन्याला दीड लाख येनपर्यंतचा भत्ता करमुक्त. ब्रिटनमध्ये ऑफिसच्या कामासाठी स्वतःची सायकल मारलीत तर मैलाला 20 पेन्स, आणि गाडीत त्याच कामाला निघालेला सहकारी बसवलात तर त्याच्यापायी मैलाला 5 पेन्स जास्त. पेट्रोल वाटून घेताना कुरकुरणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

आता आपल्याकडे

कामासाठी दौऱ्यावर गेलात, भत्ता मिळाला आणि तो खरोखर खर्च झाला तर त्यावर कर नाही. नव्या करप्रणालीतही ही सवलत टिकून आहे. उरलेले पैसे मात्र पगारच. घर ते ऑफिस हा दौरा धरत नाहीत, पण गंमत बघा: कंपनीच्या बसने गेलात तर तो करपात्र लाभही धरत नाहीत. स्वतःच्या स्कूटरवर गेलेल्याला काय? महिना 1,600 रुपयांचा प्रवासभत्ता पूर्वी करमुक्त होता, म्हणजे वर्षाला 19,200. औषधोपचाराच्या बिलांचे 15,000 वेगळे. 2018 च्या बजेटने दोन्ही काढून घेतले आणि 40,000 ची प्रमाणित वजावट हातावर ठेवली. टाळ्या पडल्या. निव्वळ फायदा 5,800 रुपये!

गोव्याच्या मीटिंगवर अकाउंट्सवाले का चिडतात, तेही सांगतो. हॉटेलवरचा जीएसटी हॉटेल जिथे उभं आहे त्या राज्याचा. पुण्याच्या कंपनीची नोंदणी महाराष्ट्रात, तेव्हा पणजीच्या हॉटेलात भरलेल्या कराचं क्रेडिट तिला घेता येत नाही. तीच मीटिंग महाबळेश्वरच्या महागड्या हॉटेलात घेतली तर येतं. ऑफसाइटचं ठिकाण समुद्र बघून ठरतं असं आपल्याला वाटत असतं.

आणि एलटीसी! ही भारतातल्या प्रवासापुरती सवलत. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी यावर जे डोकं चालवलं ते दाद देण्यासारखं. एक मार्ग असा: दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली. मुक्कामाचं गाव कागदोपत्री मदुराई, सिंगापूर फक्त वाटेत लागलं! नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेला ऐकवलं की यावर टीडीएस कापायला हवा होता.

पावती, पावती, पावती

ब्रॉडवेचा नट-नाटककार जॉर्ज कोहन मंडळींना घेऊन हिंडायचा, जेवू घालायचा आणि हिशेब ठेवायचा नाही. कर खात्याने सगळा खर्च उडवला. 1930 मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड म्हणाले, माणसाने काहीतरी खर्च केलाय हे दिसतंय ना, मग अंदाजाने का होईना, थोडा तरी द्या. पुढे तीस-बत्तीस वर्षं अमेरिकेतल्या धांदरट लोकांची चैन होती. 1962 मध्ये तिथल्या काँग्रेसने प्रवास आणि खानपानासाठी पुरावा सक्तीचा केला आणि कोहनच्या पुण्याईचं हे खातं बंद झालं.

माझं म्हणाल तर मी एचआरच्या मागे लागून लेटर बदलून घेतलं. बेस लोकेशन: सातारा. पुणे हा आता रीतसर दौरा. पुढच्या महिन्यात शिवशाहीने गेलो, तिकीट जपून पाकिटात ठेवलं, जेवणाचं बिलही. काका म्हणाले होते, "आधी झेरॉक्स काढ." नाही काढली. तीन आठवड्यांनी पाकीट उघडलं तर मशीनच्या कागदावरची शाई उडालेली, एका कोपऱ्यात "एकूण" एवढंच उरलेलं. तसंच स्कॅन करून पाठवलं.

"सर," फोन आला, "लोकेशन बरोबर आहे. पण हे काय पाठवलंय?"